उजव्या पायाचा जोड

८ फेब्रुवारी

भाऊजी,

मंगळवार, ६ फेब्रुवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी वाचनालयाच्या दारापासून चार पावलांवर ताई पडली. वेळ अंदाजाने लिहीत नाही. वाचनालयाच्या घड्याळाकडे बघून मी नुकतंच तिला म्हटलं होतं, "बंद व्हायला अजून वीस मिनिटं आहेत, सावकाश चल." तिने वॉकर पुढे टाकला, भार दिला, आणि कट्ट आवाज झाला. वॉकरचा उजवा पाय आडव्या नळीच्या खाली मोडला आणि ताई त्याच बाजूला कोसळली, उजव्या मनगटावर. हाडाचे दोन तुकडे.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण प्लास्टर घालून तिला घरी मीच आणून सोडलं. तुम्ही दार उघडलंत, तिच्याकडे पाहिलंत, वॉकरकडे पाहिलंत, आणि पाणी आणतो म्हणून आत गेलात ते पंधरा मिनिटांनी बाहेर आलात. पाणी न घेता.

ताईसमोर मी बोलले नाही. ती डोळ्यांनी दटावत होती, लहानपणी पाहुण्यांसमोर दटावायची तशी. आणि फोनवर तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. अडचणीचा प्रश्न आला की तुमच्याकडे नेमका आवाज तुटतो. म्हणून हे लेखी.

डिसेंबरात वॉकर चिरला तेव्हा मी नवा पाठवते म्हणाले होते. तुमचा निरोप आला, "गरज नाही, घरच्या घरी जोडला." तुम्ही आयुष्यभर फ्रिज दुरुस्त केलेत हे मला मान्य आहे. पण फ्रिज धरून कोणी चालत नाही. ज्या नळ्यांवर माझी बहीण सगळा भार टाकते, त्या तुम्ही स्वयंपाकघरात बसून कशाने जोडल्यात? कोणाला विचारून? आणि जोडल्यावर स्वतः एकदा तरी त्याच्यावर रेलून पाहिलंत का?

मोडलेला वॉकर माझ्याकडे आहे. तुम्हाला वाटलं असेल मी तो वाटेत कचऱ्यात टाकला. घरी परतताना तीन तास बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, "आजी, तुमचाच का?" म्हटलं, "नाही, पुरावा आहे." ती पुढच्या थांब्यावर दुसऱ्या सीटवर गेली.

ताईला माझ्याकडे पाठवा. तळमजला आहे, दाराला पायरी नाही, न्हाणीघरात धरायला दांडी मी कधीच बसवून घेतली आहे. तुमच्या त्या दुसऱ्या मजल्यावर आणि तुमच्या हातच्या वस्तूंवर तिला ठेवायला माझा आता विश्वास नाही.

उत्तर लेखी द्यावं.

छोटी


१२ फेब्रुवारी

छोटीस,

पत्र पोचलं. तुझं पत्र हातात आलं की नाव पुकारल्यासारखं वाटतं, म्हणून उभ्यानेच वाचलं.

विचारलंस ते सांगतो. डिसेंबरात वॉकरचा डावा पाय चिरला होता, आडवी नळी जिथे पायाला मिळते तिथे. अॅल्युमिनियम जोडायला वेगळा ब्रेझिंग रॉड मिळतो, पेन्सिलीपेक्षा बारीक काडी. ती नळीपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला वितळते. आधी चीर तारेच्या ब्रशने घासायची, कारण अॅल्युमिनियमवर डोळ्यांना न दिसणारी साय धरलेली असते आणि सायीवर काही चिकटत नाही. मग गॅसच्या टॉर्चची ज्योत नळीवर धरायची, काडीवर नाही. नळी पुरेशी तापली की काडी नुसती टेकवली तरी लोण्यासारखी चिरेत उतरते. तांबं तापलं की लाल होऊन सांगतं. अॅल्युमिनियम काही सांगत नाही. आत्ता नळी असते, पुढच्या क्षणी जमिनीवर थेंब. म्हणून घाई चालत नाही, आणि घाई झालेली नाही. तो जोड दोन महिने टिकला आणि अजून टिकून आहे.

कारण आता तू तुझा पुरावा नीट बघ. डावा पाय शाबूत आहे. मोडला तो उजवा. उजव्याला चीर नव्हती आणि उजव्याला ज्योत लागलेली नाही. कारखान्याचा माल कधी कधी कच्चा निघतो. त्यात माझा दोष काय?

ताईला तुझ्याकडे न्यायचा विषय तू आठ वर्षांत किती वेळा काढलास ते मी मोजायचं सोडून दिलं आहे. आधी जिना, मग माझा खोकला, मग समोरच्या रस्त्याची गर्दी. आता वॉकर. ती पडली तेव्हा तिच्याजवळ मी नव्हतो, तू होतीस. "सावकाश चल" म्हणालीस असं लिहितेस. तुझं सावकाश मला माहीत आहे. तुझ्या सावकाश चालीबरोबर मला पळावं लागतं.

ताई कुठेही जाणार नाही.

भाऊजी


१६ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमचं पत्र टाइप केलेलं आहे आणि खाली सही नाही. घरातल्या घरात दोन ओळी लिहायला टायपिंगच्या दुकानात जावं लागलं? परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली मी. कॉपी करणारा कसा बसतो, कसा खोकतो, पाण्याला किती वेळा उठतो, हे मला पाठ आहे. जो माणूस हस्ताक्षर द्यायला तयार नसतो त्याला उद्या "हे मी लिहिलंच नाही" म्हणायचं असतं.

तुम्ही म्हणालात, पुरावा नीट बघ. बघितला.

दोन्ही पायांच्या जोडावर कापडी गवसण्या आहेत, निळ्या, आतून अस्तर लावलेल्या. ताईच्या हातच्या. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेल्या माझ्या बहिणीचा टाका मी कुठेही ओळखेन. म्हणजे तुमचं काम झाकायला पांघरूणसुद्धा तुम्ही तिच्याकडूनच शिवून घेतलंत. मी दोन्ही गवसण्या उसवल्या आणि खिडकीशी बसून भिंगातून पाहिलं. डाव्या पायावर तुमची ती चांदीसारखी भर आहे. आणि उजव्यावरही आहे! ज्याला "ज्योत लागलेली नाही" त्या उजव्या पायावर, त्याच जागी, तशीच भर, वर ब्रशचे ओरखडे. पाय मोडला आहे तो तिथून दोन बोटं खाली.

आता सांगा. चीर डाव्याला होती. उजवा ठणठणीत होता, हे तुमचंच वाक्य. मग चांगल्या पायाला आग कोणी लावली आणि कशासाठी? आणि लावली नाही असं मला का लिहिलंत?

कामाबद्दलही बोलते. डाव्यावरचं एक वेळ बरं म्हणेन. उजव्यावरचं म्हणजे बाकाखाली च्युइंगम चिकटवून ठेवतात तसं. आमच्या कॉन्व्हेंटात शिवणाच्या तासाला कोणी असं काम दाखवलं असतं, तर सिस्टरने सगळ्या वर्गासमोर उसवून तिच्या हातात दिलं असतं आणि घरी जाऊन स्वयंपाक शिक म्हणाली असती. ज्याच्या हातात कौशल्य नाही त्याने दुसऱ्याच्या पायांशी खेळू नये.

ताईला हे पत्र दाखवायचं की नाही ते तुमच्यावर सोडते. दाखवणार नाही हे मला माहीत आहे.

स्वतःच्या हाताने सही केलेलं उत्तर पाठवा.

छोटी


२८ फेब्रुवारी

छोटीस,

उशीर झाला. तब्येत बरी नव्हती.

दोन्ही जोड मीच केले. आधी डावा, मग उजवा. उजवा केलेला विसरलो होतो. वय झालं.

चूक माझी आहे. ताईचा यात काही संबंध नाही. तिला यापुढे या विषयावर काही लिहू नकोस, फोनवरही विचारू नकोस. तिचा हात दुखतो.

सही केली आहे.

भाऊजी


४ मार्च

भाऊजी,

याला तुम्ही सही म्हणता? शाईत बुडवलेला कोळी कागदावरून चालत गेलाय. तुमची सही मी ताईच्या लग्नाच्या दाखल्यावर पाहिली आहे. गोल, ठसठशीत, खाली दोन रेघा. ही मुद्दाम बिघडवलेली सही आहे आणि ती कशासाठी बिघडवली हे मला कळतं.

तुमची दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली आहेत. बारा तारखेला "उजव्याला ज्योत लागलेली नाही." अठ्ठावीस तारखेला "दोन्ही जोड मीच केले." मध्ये सोळा दिवस. ज्या माणसाला काडी कधी लोण्यासारखी उतरते ते आठवतं, तो आख्खा पाय तापवलेला विसरतो? माझ्या पर्यवेक्षकांपुढे असं उत्तर आलं असतं तर ते हसले असते. मी हसले नाही. मी वॉकर उचलला आणि बसस्थानकामागच्या वर्कशॉपवाल्याकडे गेले. अॅल्युमिनियमच्या खिडक्या नि दारं करतो, तोंडाने कमी बोलतो, मला असे लोक आवडतात.

त्याने उजवा पाय उजेडात फिरवला, छिन्नी घेतली, भर उचकटायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "जोड नाही सुटला, आजी. नळी मोडलीय. जोडाच्या खाली."

"ते मला दिसतंय. का मोडली?"

"या नळ्या कारखान्यात कडक करून येतात. घरी टॉर्च मारली की जोडाच्या आजूबाजूची नळी नरम पडते. वरून कळत नाही. जोड राहतो, शेजार जातो."

"मग डावा का नाही मोडला?"

"या बाई उजवीकडे जास्त रेलत असतील. डावापण गेला असता की, चार महिन्यांनी."

"आणि चीर नसताना कोणी चांगला पाय मुद्दाम तापवला तर?"

"मुद्दाम? मुद्दाम कोण तापवेल?"

"तेच मी विचारतेय."

त्याने माझ्याकडे जरा वेगळं पाहिलं आणि वॉकर परत दिला.

तर जोड सुटला नाही हे तुमच्या बाजूने मी लिहून ठेवते. मी कोणाचे गुण कापत नाही. पण आयुष्यभर ज्योत हातात धरलेल्या माणसाला तापवलेली नळी नरम पडते हे ठाऊक नव्हतं, यावर मी विश्वास ठेवावा? ताई दर मंगळवारी एकटी वाचनालयात जाते, हे तुम्हाला पटत नाही हे तिनेच मला सांगितलंय. "दारात उभे राहतात, मी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत," असं म्हणाली होती. तेव्हा मला ते प्रेम वाटलं होतं. आता दुसरं काहीतरी वाटतं. लिहायला हात धजत नाही, तरी लिहिते: ती घराबाहेर पडू नये असं तुम्हाला वाटत होतं का? आणि म्हणून उजवा?

शनिवारी, १६ मार्चला, सकाळी दहा वाजता मी भाड्याची गाडी घेऊन दारात येते. ताईचे कपडे, औषधं आणि चष्मा एका बॅगेत भरून ठेवा. तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी जिन्यात बसेन, आणि मी जिन्यात बसल्यावर काय होतं ते तुमच्या शेजाऱ्यांना कळेल.

छोटी


९ मार्च

छोटे,

डाव्या हाताने लिहितेय. हसू नकोस. तीन दिवस लागले.

तुझी पत्रं यांनी लपवली होती. पण रॉडच्या डब्यात. त्या डब्यात हात माझाच जातो, हे ते घाबरले की विसरतात. सहा तारखेला काडी आहे का बघायला डबा उघडला आणि तिन्ही पत्रं मिळाली, वर यांच्या उत्तरांच्या प्रती. सगळं सलग वाचलं. आणि मग यांच्याशी इतकी भांडले की खालून कोणीतरी विचारायला आलं.

दोन्ही जोड माझे आहेत.

दोन वर्षं झाली, यांचे हात हलतात. पेला भरलेला निघतो आणि अर्धा पोचतो. त्या दिवशी पाणी का आलं नाही ते आता समजून घे. सही म्हणजे कोळी, तेही खरं. ती एक सही करायला त्यांनी चार कागद घालवले. औषध चालू आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच गाडी पाठवली असतीस. बघ, पाठवतेच आहेस.

पण डोकं आणि डोळे शाबूत आहेत. लोक अजून वस्तू आणून देतात, तेव्हा हे शेजारी बसून सांगतात आणि टॉर्च मी धरते. बसूनच करायचं काम, वॉकर लागत नाही. पहिल्या दिवशी नळीतून थेंबच पडला. मग जमलं. काडी टेकवली आणि ती आपोआप चिरेत शिरली, तेव्हा मला सुईतून दोरा पहिल्यांदा ओवला तो दिवस आठवला. कपडे शिवणं सुटल्यावर मला इतका आनंद कशाने झाला नव्हता. इस्त्रीच्या टेबलाचा पाय, पंख्याची जाळी, वरच्या रंगाऱ्याच्या शिडीची पायरी, सगळं आम्ही केलं. लोकांना वाटतं हेच करतात. आम्ही वाटू देतो.

डावा पाय यांच्यासमोर जोडला. उजवा नंतर, हे दात दाखवायला गेले होते तेव्हा. तू विचारतेस चांगल्या पायाला आग का लावली. अगं, खिशाच्या तोंडाला ताण येतो म्हणून आपण दोन्ही कोपऱ्यांना जादा टाके मारतो. एकाच कोपऱ्याला मारून सोडतं का कोणी? डावा पक्का झाला, तर उजवाही पक्का करावा, एवढाच विचार. वर दोघांना सारख्या गवसण्या शिवल्या, म्हणून यांना कळलंच नाही. तुझं सोळा तारखेचं पत्र आल्यावर यांनी मला विचारलं, "उजव्याला काही केलंस का?" मी मोठ्या अभिमानाने हो म्हटलं. ते खुर्चीवर बसले. मला वाटलं दुखतंय कुठे.

तापवल्याने नळी नरम पडते हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. फ्रिजच्या नळीवर कोणी भार टाकत नाही, तर यांना कधी कळायचं?

भांडताना मी विचारलं, खोटं का लिहिलंत? म्हणाले, "ती माझ्यावर संशय घेतेच, त्यात एक वाढला तर मला जड नाही. तुझ्यावर घेतला असता तर तू परत टॉर्च धरली नसतीस."

मी पडले ती माझ्याच हातच्या कामाने. तेव्हा कोणावर विश्वास ठेवायचा नाही ते नीट ठरव. मी येणार नाही, छोटे. तुझ्या घरी पायरी नाही, दांडी आहे, सगळं आहे. पण तिथे मी दिवसभर फक्त सांभाळली जाईन.

प्लास्टर आणखी महिनाभर राहणार. हाड वाकडं बसतंय, असं डॉक्टर म्हणाले.

आणि ते च्युइंगमचं वाचलं. सिस्टरचंही.

ताई


१४ मार्च

ताई,

शनिवारची गाडी रद्द केली. बॅग भरली असलीस तर रिकामी कर. भरली नसशील.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि मग माझ्या पत्रांच्या प्रती काढून बसले. पुढील शब्द मी मागे घेते: च्युइंगम, पांघरूण, मुद्दाम बिघडवलेली सही, आणि चार मार्चच्या पत्रातला "म्हणून उजवा" हा प्रश्न, त्याच्या आधीच्या तीन ओळींसकट. सिस्टरबद्दल लिहिलं तेही. तुला आठवत असेल, वर्गासमोर तिने उसवलं होतं ते माझंच शिवण. तुझं ती भिंतीवर लावायची. भाऊजींना हे वाचून दाखव. मोठ्याने. त्यांना मी वेगळं लिहिलं तर ते उभे राहून वाचतील आणि मला ते नको आहे.

एक गोष्ट मी चार तारखेला लिहिली नव्हती, ती आता लिहिते. वर्कशॉपवाल्याने उजव्या जोडावर छिन्नी लावली, हातोडी मारली, दोनदा मारली. भर हलली नाही. मग तो म्हणाला, "वरून ओबडधोबड दिसतंय, पण आत पार मुरलंय. एवढी पातळ नळी न वितळवता हे करायचं म्हणजे हात पाहिजे. कोण आहे हा माणूस? काम हवंय का त्याला?" हे मला तेव्हा गैरसोयीचं होतं, म्हणून वगळलं. दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकेत असं कोणी केलं असतं तर मी त्याला घरी पाठवलं असतं.

मी भाऊजींकडे ही दोन वर्षंही बघतेच आहे आणि त्यांचे हात मला दिसले नाहीत. त्या दिवशी पाणी न घेता आलेल्या माणसाला मी महिनाभर निर्दयी म्हणत होते. फोनवर, ताई. आमच्या खालच्या बाईला. तिलाही आता सांगावं लागेल, आणि ती ऐकताना मान हलवते ते मला सहन होत नाही.

पण याचा अर्थ मी गप्प बसेन असं समजू नकोस. रंगाऱ्याची शिडी! तू ती पंख्याच्या जाळीच्या आणि इस्त्रीच्या टेबलाच्या रांगेत लिहून मोकळी झालीस. त्या पायरीवर माणूस उभा राहतो. ती आजच्या आज खाली मागवून घ्या आणि तिच्यावर चढायचं नाही म्हणून त्याला स्पष्ट सांगा. तू एका पायरीवर थांबली असशील यावर माझा विश्वास नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे, तू वरची आणि खालचीही पक्की केली असशील. जाळ्या, डबे, दांडे, झाकणं काय हवं ते जोडा. ज्याच्यावर माणसाचा भार पडतो त्याला ज्योत लावायची नाही. वर्कशॉपवाल्यालाही मी हे विचारून आले, तो माझ्याशी सहमत आहे. त्याला तुझं नाव सांगितलं. "बाई आहेत?" म्हणाला. म्हटलं, "हो, आणि माझी मोठी बहीण आहे."

आता मुख्य मुद्दा.

तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये, भाऊजींचे दोन्ही हलतात. त्या घरात या क्षणी धड हात एकच, तोही डावा. सहा फेब्रुवारीपासून आजपर्यंत तुम्ही दोघांनी भांडी कशी उचललीत, बटणं कशी लावलीत, गरम पातेलं कोणी उतरवलं, तुझे केस कोण विंचरतं, यातलं एक अक्षरही तुझ्या पत्रात नाही. भाऊजींच्या पत्रांत तर नाहीच. पाच आठवडे मी तुम्हाला जाब विचारत होते आणि तुम्ही दोघं त्या हलत्या-बांधलेल्या हातांनी मला उत्तरं लिहीत होतात. तुम्ही यातही काहीतरी लपवताय असा मला पक्का संशय आहे, आणि हा संशय मी मागे घेणार नाही.

उजवीकडे कोपर टेकायला आधार असलेला नवा वॉकर उद्या निघतोय, पत्र पोचायच्या आगेमागे पोचेल. तुला न्यायला मी येत नाही. मला तुमच्याकडे राहायला यायचं आहे, प्लास्टर निघेपर्यंत. बाहेरच्या खोलीत झोपेन. सकाळचं दूध, भांडी आणि तुझी वेणी माझ्याकडे. मंगळवारी वाचनालयात तू तुझ्या चालीने जाशील, मी मागून येईन, तोंड बंद ठेवून. टॉर्च तुझा हात मोकळा झाल्यावर परत तूच धरायची. तोवर भाऊजी सांगतील तशी मी धरून बघेन, आणि माझ्या जोडाला ते काय म्हणायचं ते म्हणू देत.

यावं की नाही, हे मात्र तुम्ही ठरवायचं. विचारल्याशिवाय येणार नाही. आठ वर्षांत पहिल्यांदाच विचारते आहे, याची नोंद घ्यावी. "ये" म्हणायचं असेल तर दोघांपैकी कोणीही, कोणत्याही हाताने, कोळी चालवला तरी चालेल. "नको" म्हणायचं असेल तर दोघांनी लिहायचं, आपापल्या अक्षरात, मला भिंगाशिवाय वाचता येईल असं.

टायपिंगच्या दुकानातून आलेलं उत्तर स्वीकारलं जाणार नाही. गुरुवार, २१ मार्च, सायंकाळी पाच वाजेपर्यंत ते लेखी माझ्या हातात पडलं पाहिजे. रविवारी सकाळची पहिली बस सात वाजता सुटते.

छोटी